मेलेल्या नायकाची जन्मकथा: 'डेडमॅन' वाचायला कुठून आणि कशी सुरुवात करावी

डेडमॅनची जन्मकथा एका अंकात संपत नाही आणि नवखा वाचक नेमका इथेच फसतो. सुपरहिरोची जन्मकथा म्हटलं की आपल्याला दोन-चार पानांची सवय असते. ग्रह फुटला, बाळ पृथ्वीवर आलं. आईबाप गल्लीत मारले गेले, पोरानं शपथ घेतली. पुढच्या पानापासून मारामारी सुरू. डेडमॅन पहिल्या अंकात फक्त मरतो. कोणी मारलं, कशासाठी मारलं, मेल्यावरही तो इथेच का रेंगाळतोय आणि रेंगाळून करायचं काय, याची उत्तरं डीसी कॉमिक्सच्या 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या अंक २०५ ते २१६ मध्ये विखुरलेली आहेत. मुखपृष्ठावरच्या तारखांप्रमाणे ऑक्टोबर १९६७ ते फेब्रुवारी १९६९. हे बारा अंक आणि त्यांना जोडलेले बॅटमॅनचे दोन, एवढं वाचलं की जन्मकथा पुरी झाली. ते कसे वाचायचे त्यासाठी हा लेख.

खुनी कोण हे मी इथे फोडणार नाही. बाकी थोडंफार सांगावंच लागेल.

आधी एवढं माहीत असू द्या

बोस्टन ब्रँड हा हिल सर्कशीतला झुल्यावरचा कसरतपटू. खाली जाळी न लावता खेळ करणारा, तोंडाचा फटकळ, गर्विष्ठ, मोजक्या दोन-तीन माणसांपुरता हळवा. लाल घट्ट पोशाख, छातीवर इंग्रजी 'डी', उंच कॉलर आणि चेहऱ्यावर प्रेतासारखा पांढराफटक मुखवटा. 'डेडमॅन' हे त्याचं सर्कशीतलं नाव, गर्दी खेचण्यासाठी घेतलेलं. भर खेळात त्याला गोळी लागते, तो कोसळतो, आणि खाली पडलेला देह आपलाच आहे हे त्याला जरा उशिरा कळतं. रामा कुश्ना नावाची एक दैवी शक्ती त्याला सांगते की तुझ्या मारेकऱ्याचा शोध लागेपर्यंत तू माणसांत वावरशील. मारेकऱ्याची खूण एकच: एका हाताच्या जागी लोखंडी आकडा.

त्याला मिळालेली शक्तीही एकच, परकायाप्रवेश. तो कोणाला दिसत नाही, त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही, तो कशाला हात लावू शकत नाही. पण कोणाच्याही शरीरात शिरून त्या शरीराकडून हवं ते करून घेऊ शकतो. तो बाहेर पडला की त्या माणसाला मधला वेळ आठवत नाही. राजा अमरुकाच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांची आख्यायिका ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकन मुलांना मात्र ते पहिल्या अंकात सविस्तर समजावलंय, त्यामुळे तो भाग तुम्हाला थोडा रेंगाळल्यासारखा वाटेल.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तुमच्या डोक्यात असेल तर त्याचा याच्याशी काही संबंध नाही. वेताळ हा हाडामांसाचा माणूस, पिढ्यान् पिढ्या बाप-लेक तोच पोशाख घालतात म्हणून लोक त्याला अमर समजतात. डेडमॅन खरोखर मेलेला आहे. आपल्याकडच्या हिशेबात तो अतृप्त आत्मा झाला.

पहिली पायरी: हातात योग्य पुस्तक आहे ना ते बघा

सुटे मूळ अंक संग्राहकांनी घ्यावेत. मुखपृष्ठावर १२ सेंट छापलेल्या त्या अंकांना आज जी किंमत पडते ती वाचनासाठी मोजण्यात अर्थ नाही. हे अंक संग्रहरूपात अनेकदा निघालेत: १९८५ मध्ये सात अंकांची पुनर्मुद्रण मालिका, २००१ मध्ये एक मोठा बांधीव संग्रह, २०११ पासून पातळ खंड आणि नंतर एक जाडजूड ऑम्निबस. किंडलवर सुटे अंकही मिळतात. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत एखादा खंड सापडला तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कोणतीही आवृत्ती घेताना नाव न बघता अनुक्रमणिका बघा. 'डेडमॅन' एवढंच नाव असलेली निदान पाच-सहा वेगवेगळी पुस्तकं आहेत. त्यात 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' २०५ ते २१६ आणि बॅटमॅनचे ते दोन, म्हणजे 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' ७९ व ८६, आहेत का, एवढंच तपासा. पातळ खंडांत जन्मकथा मधोमध तुटते, म्हणून पहिला घेतलात तर दुसराही आणून ठेवा. फोनवर वाचणार असाल तर चौकट-चौकट दाखवणारी सोय बंद करून पूर्ण पान बघा. असं का, ते २०६ व्या अंकापाशी कळेल.

तारखांबद्दल एक बारीकशी गोष्ट. अमेरिकन कॉमिकवर छापलेला महिना हा विक्रीच्या महिन्याच्या दोनेक महिने पुढचा असतो. 'ऑक्टोबर १९६७'चा अंक दुकानात आला तो उन्हाळ्यात. हे माहीत असलं की त्या काळाच्या घडामोडींशी ताळमेळ लावता येतो.

वाचायचा क्रम

अंक २०५ ते २१३ सलग. मग 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'चा ७९ वा (ऑगस्ट-सप्टेंबर १९६८). मग परत २१४, २१५, २१६. शेवटी 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'चा ८६ वा. बऱ्याच संग्रहांत बॅटमॅनचे अंक वेगळ्या जागी टाकलेले असतात. तसं असेल तर पानं पुढे-मागे करा, कंटाळा करू नका.

दुसरी पायरी: २०५ वा अंक, अगदी सावकाश

लेखक अर्नोल्ड ड्रेक, चित्रकार कार्माइन इन्फान्टिनो. ड्रेकनं त्याआधी डीसीसाठीच 'डूम पेट्रोल' उभं केलं होतं, म्हणजे विचित्र, दुखावलेल्या नायकांचा हात त्याला बसलेला होता. इन्फान्टिनोची रेघ सडपातळ, टोकदार. त्याचा बोस्टन हवेत असतानाही कागदाच्या कात्रणासारखा हलका दिसतो.

हा अंक दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा गोळी लागण्याआधीच्या पानांसाठी, कारण सगळी पेरणी तिथे आहे. बोस्टन एकामागून एक माणसांशी वाकडं बोलतो, कोणाला दम देतो, कोणाचा अपमान करतो. मेल्यानंतर त्याच्याकडे संशयितांची यादी तयार असते आणि ती लांबलचक असते. मला या अंकातली हीच जागा सगळ्यात आवडते. आपल्याला कोणी मारलं असेल याचा विचार करताना माणसाला प्रथम आपण कोणाकोणाला दुखावलं ते आठवावं लागतं. शक्ती मिळाल्याच्या आनंदात उड्या मारणाऱ्या त्या काळच्या नायकांपेक्षा हे फार वेगळं होतं.

तीन नावं लक्षात ठेवा. लोर्ना हिल, सर्कशीची मालकीण. टायनी, नावाच्या अगदी उलट धिप्पाड असलेला पहिलवान, ज्याचं शरीर पुढे बोस्टनच्या बऱ्याचदा कामी येतं. आणि वाश्नू, सर्कशीतला भारतीय गूढवादी, जो रामा कुश्नाचं नाव पहिल्यांदा घेतो.

सर्कशीचा काळही ध्यानात असू द्या. रिंगलिंग बंधूंच्या प्रचंड सर्कशीनं १९५६ मध्येच तंबू गुंडाळून पक्क्या सभागृहांचा रस्ता धरला होता. १९६७ मधली तंबूची सर्कस म्हणजे उतरणीला लागलेला धंदा. लोर्नाचे प्रश्न, माणसं टिकवायची धडपड, बोस्टनच्या नावावर सगळा गल्ला अवलंबून असणं, हे त्या पार्श्वभूमीवर वाचलं की कथा जास्त खरी वाटते.

याच अंकात मादक पदार्थांच्या तस्करीचं उपकथानक आहे. आज त्यात काहीच वाटणार नाही, पण तेव्हा अमेरिकन कॉमिक्सवर १९५४ सालच्या कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या नियमावलीचा, पहारा होता. चालती-फिरती प्रेतं, रक्तपिपासू, नरमांसभक्षक सगळ्यांना बंदी, आणि मादक पदार्थही वर्ज्य. तरी हा अंक कोडचा शिक्का घेऊन बाहेर पडला. शिक्का असलेल्या कथेत मादक पदार्थ दिसल्याचं हे पहिलं ज्ञात उदाहरण मानतात. स्पायडरमॅनच्या ज्या अंकांनी यावरून गाजावाजा केला ते १९७१ चे, आणि ते शिक्क्याविना छापले गेले. प्रेतांवरच्या बंदीतून डेडमॅन सुटला कारण त्याचं प्रेत जमिनीखाली आहे, वर फिरतोय तो निव्वळ आत्मा.

राम, कृष्ण आणि वाश्नू

इथे मराठी वाचक हमखास अडखळतो, तेव्हा एकदाच बोलून टाकू. रामा कुश्ना, वाश्नू आणि पुढे येणारं हिमालयातलं 'नंदा पर्बत' ही सगळी नावं कुठून उचलली ते आपल्याला पहिल्या नजरेत दिसतं. राम-कृष्ण, विष्णू, नंगा पर्बत. रामा कुश्नाचा आपल्या कोणत्याही देवतेशी मेळ बसत नाही. कधी ती विश्वाचा आत्मा असते, कधी रंगांच्या लाटांतून उमटणारा बाईचा चेहरा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'गूढ पूर्वे'ची लाट होती. ही मालिका ऐन भरात असताना, फेब्रुवारी १९६८ मध्ये, बीटल्स ऋषिकेशला येऊन बसले होते. त्या लाटेतलं हे लेखन आहे. भारत शोधायला जाल तर चिडाल. नियमांनी बांधलेली एक शक्ती म्हणून रामा कुश्नाकडे बघा, मग ती पात्र म्हणून बऱ्यापैकी चांगली आहे: मदत करते, पण अर्धीच, बोलते, पण नेमकं हवं ते सांगत नाही.

तिसरी पायरी: २०६ पासून पानाकडे बघायला शिका

२०६ व्या अंकापासून चित्रं नील ॲडम्सची. तेव्हा तो पंचविशी-सव्विशीतला, जाहिरातींची चित्रं आणि 'बेन केसी' ही वर्तमानपत्री चित्रमालिका करून आलेला. २०५ संपवून लगेच २०६ उघडा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. फरक अंगावर येतो. शरीरं एकदम वजनदार होतात, चेहऱ्यावर खऱ्या माणसाच्या सुरकुत्या येतात, आणि चौकटी सरळ राहायचं नाकारतात. त्या तिरक्या होतात, एकमेकींत घुसतात, एखादा हात एका चौकटीतून दुसरीत जातो.

हे नुसतं कौशल्य मिरवणं नाही. विचार करा, चित्रकारापुढचा पेच काय आहे. नायक अदृश्य आहे, पण वाचकाला तो दिसला पाहिजे. बाकीच्या पात्रांना तो दिसत नाही, हेही त्याच चौकटीत कळलं पाहिजे. ॲडम्स डेडमॅनला बहुधा माणसांच्या वर, उताणा, वाकडा, कुठल्याही टेकूशिवाय तरंगत ठेवतो, आणि खालची माणसं आपापल्या नजरा भलतीकडे लावून बसलेली असतात. कोण कोणाकडे बघतंय ते प्रत्येक पानावर तपासा. डेडमॅन किंचाळतोय आणि चौकटीतली एकही नजर त्याच्याकडे वळलेली नाही, अशी जागा सापडली की मालिका का गाजली ते कळेल. शरीरात शिरण्याचा क्षणही असाच न्याहाळा: एका आकृतीत दुसरी अर्धी बुडालेली, आणि पुढच्या चौकटीत त्याच चेहऱ्यावर वेगळ्याच माणसाचे हावभाव.

२०७ व्या अंकाचं मुखपृष्ठ संग्रहात असेल तर तिथे थांबा. त्या मुखपृष्ठाला त्या वर्षीचा ॲली पुरस्कार (कॉमिक्सचाहत्यांकडून दिला जाणारा) मिळाला होता.

चौथी पायरी: मधले अंक भराभर

इथे माझं मत जरा रोखठोक आहे. २०७ ते २१० च्या दरम्यान कथेचा साचा ठरून जातो. आकडेवाल्या माणसाचा सुगावा लागतो, डेडमॅन तिथे पोचतो, तिथल्या कोणाच्या तरी भानगडीत गुंततो, ती सोडवतो, आणि आकडेवाला तो नव्हेच. हा साचा दूरदर्शन मालिकेचा आहे. 'द फ्यूजिटिव्ह' नावाची अमेरिकन मालिका १९६३ पासून चालू होती, तिचा नायकही बायकोच्या खुनातल्या एका हाताच्या माणसाला शोधत गावोगाव भटकायचा. तिचा शेवटचा भाग २९ ऑगस्ट १९६७ ला दाखवला गेला, म्हणजे डेडमॅन दुकानात आला त्याच सुमारास. साम्य लपवायचा प्रयत्नही कोणी केलेला दिसत नाही.

ड्रेक लवकरच बाजूला झाला. काही अंक जॅक मिलरनं लिहिले, आणि पुढे ॲडम्स स्वतःच लिहू लागला. हात बदलल्यानं संवादांचा बाज मधूनमधून हलतो. तेव्हा या अंकांतली कोडी सोडवत बसू नका, दोन-तीन अंक एका बैठकीत संपवा. एक धागा मात्र सोडू नका: बोस्टनचा जुळा भाऊ क्लीव्हलँड. तो आला की वाचनाचा वेग कमी करा. हुबेहूब बोस्टनसारखा दिसणारा जिवंत माणूस मेलेल्या बोस्टनच्या डोळ्यांसमोर वावरतो, हे जितकं नाट्यमय आहे तितकंच शेवटच्या उकलीसाठी गरजेचं आहे.

पाचवी पायरी: बॅटमॅनचा थांबा

'ब्रेव्ह अँड द बोल्ड'चा ७९ वा अंक बॉब हेनीनं लिहिला, चित्रं ॲडम्सचीच. जगातला सर्वोत्तम गुप्तहेर जवळच असताना डेडमॅन त्याच्याकडे का जात नाही, हा प्रश्न तुम्हाला एव्हाना पडलेला असेल. इथे तो जातो. कथा साधारण आहे. पण ॲडम्सनं हेनीच्या संहितेतले दिवसाचे प्रसंग रात्रीचे करून टाकले आणि बॅटमॅनला पुन्हा सावलीत नेलं. दूरदर्शनवरच्या विनोदी बॅटमॅनला कंटाळलेल्या वाचकांनी हा बदल उचलून धरला. सत्तरच्या दशकातला गंभीर बॅटमॅन ज्या वाटेनं आला तिच्यावरचा हा एक सुरुवातीचा टप्पा आहे.

सहावी पायरी: २१५ आणि २१६, फोन बाजूला ठेवून

२१५ मध्ये उकल होते. नाव सांगत नाही, एवढंच सांगतो की मारेकऱ्याचं बोस्टनशी वैयक्तिक वैर नव्हतं. पहिल्या अंकातली ती लांबलचक यादी आठवा. इतके दिवस ज्यांच्यावर संशय घेतला, ज्यांच्या रागाचा हिशेब मांडला, त्यांच्यातल्या कोणाच्याही रागाला इथे काही किंमत नव्हती. कारण वाचलं की आधी फसवल्यासारखं वाटतं. मलाही ते आधी फुटकळ वाटलं होतं. परत वाचताना मात्र तेच बरोबर वाटू लागतं, कारण स्वतःला जगाचा केंद्रबिंदू समजणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी चपराक नव्हती.

याच अंकात सेन्सेई आणि त्याची मारेकऱ्यांची संघटना पहिल्यांदा दिसते. बॅटमॅनच्या चित्रपटांमुळे 'लीग ऑफ ॲसॅसिन्स' ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे नोंदवून ठेवावं. बॅटमॅनचा शत्रू आणि पुढे लीगचा म्होरक्या म्हणून ओळखला गेलेला रास अल घुल १९७१ मध्ये आला, संघटना त्याच्या आधी इथे, डेडमॅनच्या कथेत जन्मली. पुढे 'ॲरो' या दूरदर्शन मालिकेनं नंदा पर्बतला लीगचा अड्डाच करून टाकलं. मूळ कथेत ते नेमकं उलट आहे: सेन्सेईला ती जागा नष्ट करायची आहे.

२१६ व्या अंकाचं शीर्षक 'पण मी अजून आहेच' अशा अर्थाचं आहे. शोध संपला, अट पुरी झाली, आणि तरीही सुटका नाही. रामा कुश्नानं शब्द पाळला की नाही, यावर बोस्टन तिच्याशी भांडतो, आणि तिथून तो नंदा पर्बतला पोचतो. या जागी दुष्ट माणसाचा दुष्टपणा गळून पडतो, आणि डेडमॅनला पुन्हा स्पर्श करता येईल असं शरीर मिळतं. इतके अंक हवेत तरंगणाऱ्या पायांना जमीन लागते त्या चौकटी हळू उलटा. माझ्या लेखी जन्मकथा इथे पुरी होते: सूडासाठी अडकलेला माणूस सूड संपल्यावर कशासाठी राहतो, हे इथे ठरतं.

याच अंकात एक गंमत दडलेली आहे. एका चौकटीत लहरी, वितळल्यासारख्या रेषांचा गुंता आहे. पुस्तक डोळ्यांच्या पातळीला जवळजवळ आडवं धरा आणि खालच्या कडेकडून त्या रेषांकडे तिरकं बघा. ताणलेली इंग्रजी अक्षरं आकसून वाचता येतात: 'हे, अ जिम स्टेरॅन्को इफेक्ट'. स्टेरॅन्को म्हणजे मार्व्हलसाठी तेव्हा असली भ्रामक, रंगीबेरंगी पानं करणारा चित्रकार. प्रतिस्पर्धी कंपनीच्या चित्रकाराला चिमटाही आणि सलामही. फोनवर हे करून बघताना स्क्रीन आपोआप फिरणं बंद ठेवा, नाहीतर चौकट तुमच्याबरोबर वळत राहील.

मालिका २१६ वर एकाएकी थांबली. 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'मध्ये त्यानंतर डेडमॅन नाही, आणि सेन्सेईचा धागा लोंबकळत राहिला. तो 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या ८६ व्या अंकात (ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६९) पुढे जातो, बॅटमॅन थेट नंदा पर्बतला पोचतो. तो अंक सोडलात तर गोष्ट दारातच अडकून राहते.

यानंतर काय वाचावं

ॲडम्सचे 'ॲक्वामॅन' ५० ते ५२ मधले छोटे तुकडे चित्रांसाठी बघावेत, कथेसाठी नाही. १९८६ ची चार अंकांची मालिका (लेखक अँड्र्यू हेल्फर, चित्रकार होझे लुईस गार्सिया-लोपेझ) ही जन्मकथेनंतरची सर्वात सरळ पायरी. नंदा पर्बत आणि सेन्सेई दोघेही तिथे भेटतात. भीती हवी असेल तर माइक बॅरन आणि केली जोन्स यांची 'लव्ह आफ्टर डेथ'. त्यात डेडमॅनचा देह हाडांच्या सापळ्यासारखा वाळलेला आहे, काहींना अजिबात सोसत नाही. ॲलन मूरच्या 'स्वॅम्प थिंग'च्या १९८५ च्या दुसऱ्या वार्षिकांकात तो मृतांच्या प्रदेशाचा वाटाड्या म्हणून थोडक्यात येतो आणि जाता जाता भाव खाऊन जातो. ज्यांना वाचायच्या आधी चाखून बघायचंय त्यांनी 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या ॲनिमेशन मालिकेतला 'डेड रेकनिंग' हा भाग बघावा.

२०१७ मध्ये ॲडम्सनं स्वतः सहा अंकांची नवी 'डेडमॅन' मालिका लिहिली-काढली आणि जुन्या खुनाचा धागा पुन्हा उसवायला घेतला. चित्रांत जोर आहे, पण कथा कुठून कुठे जाते ते धरून ठेवणं कठीण, आणि २१५ मध्ये जे निर्दय साधेपणानं मिटवलं होतं त्यावर ती नवे थर चढवते. जुने बारा अंक डोक्यात ताजे असताना ती हातात घेऊ नका, काही महिने जाऊ द्या.